पाय मोडला, आता पुढे काय? अपघाताची भरपाई कोण देतं आणि ती ठरते कशी

माझ्या मावसभावाच्या अपघाताला पाच महिने झाले होते. वकिलांनी कागद मागितले म्हणून वहिनींनी माळ्यावरची कॅरीबॅग काढली आणि माझ्यासमोर ओतली. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मेडिकलची बिलं. त्यातली निम्मी बिलं कोरी निघाली. मेडिकलवाले ज्या गुळगुळीत कागदावर बिल छापून देतात, त्यावरची अक्षरं उष्णतेनं उडून जातात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्र्याखालच्या माळ्यावर एक अख्खा उन्हाळा गेला होता. कागद होते, आकडे नव्हते.

भाऊ वेल्डिंगचं काम करतो. ग्रिल, शटर, लोखंडी जिने. मागून आलेल्या कारनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं, मांडीचं हाड मोडलं आणि पायात रॉड पडला. कारवाला माणूस वाईट नव्हता. दवाखान्यात आला, वीस हजार रुपये हातात ठेवले आणि म्हणाला, पोलिसांत कशाला जायचं, आपसात मिटवू. घरातल्या मोठ्यांनाही ते पटलं होतं. त्या वेळी आम्हाला जे माहीत हवं होतं, ते इथे लिहितो आहे. भरपाईचा दावा करायला सहा महिन्यांची मुदत आहे की नाही, यावरूनही हल्ली बराच गोंधळ आहे, म्हणून तेही सांगतो.

एक अपघात, दोन खटले

अपघातानंतर पोलीस गुन्हा नोंदवतात ती फौजदारी केस. ती सरकार विरुद्ध ड्रायव्हर अशी चालते. तिचा निकाल काहीही लागो, जखमीच्या हाती त्यातून सहसा काही पडत नाही. भरपाई हवी असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली वेगळा अर्ज करावा लागतो. तो जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. न्यायाधिकरण म्हणजे एकाच प्रकारच्या तंट्यांसाठी असलेलं कोर्ट. बहुतेक ठिकाणी ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं आणि तिथलेच न्यायाधीश ते काम पाहतात. बोलताना सगळे त्याला 'क्लेम' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

दोन्हींत पुराव्याची मोजपट्टी वेगळी आहे. फौजदारीत तराजूचं पारडं पार खाली टेकावं लागतं, शंकेला जागा राहता कामा नये. क्लेममध्ये पारडं तुमच्या बाजूला थोडं झुकलं, म्हणजे तुम्ही सांगता तसं घडलं असण्याचीच शक्यता जास्त दिसली, तरी पुरतं. म्हणून फौजदारी केसमधून ड्रायव्हर सुटला तरी क्लेम आपोआप बुडत नाही.

अर्ज कुठे करायचा, यात कायद्यानं जखमीची सोय पाहिली आहे. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांतलं कोणतंही ठिकाण चालतं. रत्नागिरीच्या माणसाला सुरतजवळ ट्रकनं ठोकरलं, तर त्याला तारखांसाठी सुरतेला खेपा घालायची गरज नाही.

"कशाला कुणाचे तळतळाट घ्यायचे?"

माझ्या मावशीचं हे वाक्य. समोरचा आपल्यासारखाच कर्ज काढून गाडी घेणारा, त्याच्या घरावर कशाला संकट आणायचं, अशी तिची भावना होती. ही भावना चांगलीच आहे, पण ती एका गैरसमजावर उभी आहे. पैसे बहुतेक वेळा त्या माणसाच्या खिशातून जातच नाहीत.

रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा कायद्यानं सक्तीचा आहे. पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे त्या गाडीमुळे ज्याला इजा झाली तो. तुम्ही. सगळे गाडीवाले दरवर्षी हप्ते भरतात ते याच दिवसासाठी. भिशीत सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि गरज पडलेल्यानं मागायला लाजायचं, असं आपण करतो का? तिसऱ्या पक्षाच्या शारीरिक इजेपोटी कंपनीनं द्यायच्या रकमेला कमाल मर्यादाही नाही. क्लेममध्ये ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांची नावं घालतात, पण विमा वैध असेल तर चेक कंपनीचाच येतो. एसटीची बस असेल तर दावा महामंडळावर होतो.

एक गोष्ट मात्र पॉलिसी काढतानाच बघून ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा असलेल्या मोटारसायकलवर मागे बसलेली बायको किंवा खासगी कारमध्ये बसलेले पाहुणे, चालवणाऱ्याच्या चुकीनं जखमी झाले, तर त्याच गाडीची कंपनी हात वर करू शकते. त्यांना संरक्षण मिळतं ते पॅकेज पॉलिसीत, जिला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो. आणि चूक फक्त स्वतःची असेल तर चालवणाऱ्याला कलम १६६ चा दावा करता येत नाही. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं असतं.

सहा महिन्यांची मुदत आहे की नाही?

१९९४ पासून क्लेमला कालमर्यादाच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. अपघातापासून सहा महिने. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की केवळ सहा महिने उलटले म्हणून न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत.

अंतरिम म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतचा. ज्यांची मुदत हुकली आहे त्यांच्यासाठी हा मोठाच दिलासा आहे, त्यांनी आशा न सोडता वकिलांना भेटावं. पण ज्यांचे सहा महिने अजून संपायचे आहेत त्यांनी या आदेशाच्या भरवशावर थांबू नये. शिवाय मंजूर रकमेवरचं व्याज लवकरात लवकर अर्जाच्या तारखेपासून धरता येतं, अपघाताच्या तारखेपासून नाही. अर्ज जितका उशिरा, तितकं व्याज कमी.

पहिल्या आठवड्यातले कागद

सगळ्यात आधी उपचार. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळतात. त्यासाठी चूक कुणाची हे आधी ठरावं लागत नाही. ११२ ला फोन करा आणि रुग्णालयात या योजनेचं नाव घेऊन विचारा.

दवाखान्यात भरती करताना "पडलो" असं सांगू नका. धावपळीत घरचे काहीतरी सांगून मोकळे होतात आणि केसपेपरवर 'गाडीवरून पडून' एवढंच लागतं. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तीच ओळ न्यायाधीशांना वाचून दाखवतो. कारनं धडक दिली असेल तर तसंच लिहवून घ्या, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही सांगा. डॉक्टर मग एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद.

पोलिसांत जा. आम्ही नवव्या दिवशी गेलो, तेही वकिलांनी दटावल्यावर. वीस हजार घेऊन 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर भावानं सही केली असती, तर तोच कागद पुढे त्याच्यासमोर धरला गेला असता. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि गाडीच्या नुकसानीचा तपशील यांच्या प्रती मागून घ्या. नियमानुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो अहवाल दाव्यासाठीचा अर्ज म्हणून धरता येतो. पण आपला अर्ज पोलिसांवर सोडू नका, स्वतःच करा. समोरच्या गाडीचा विमा आहे का, हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून दोन मिनिटांत कळतं.

आणि बिलं. मिळालं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो आणि एक झेरॉक्स. आमची कोरी झालेली बिलं मेडिकलच्या कॉम्प्युटरमधून परत काढावी लागली. काही मिळाली, काही गेलीच.

रक्कम निघते कशी

लोकांना वाटतं की न्यायाधीश अंदाजानं एक आकडा टाकतात. तसं नसतं. त्यामागे बऱ्यापैकी ठरलेलं गणित आहे आणि ते आपण घरी वहीवर करू शकतो.

झालेला खर्च सरळच आहे. उपचार, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, पौष्टिक आहार, सोबतीला लागलेला माणूस. घरी बसून काढलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई त्यातच येते. वेदना, आणि आयुष्यातलं जे सुख हिरावलं गेलं त्यापोटीही रक्कम असते. लग्न जमण्यात आलेली अडचण इथे धरली जाते. पुढे रॉड काढायचं ऑपरेशन असेल तर तेही मागता येतं, फक्त डॉक्टरांचं लेखी अंदाजपत्रक लागतं.

खरा मोठा आकडा असतो तो कायमच्या अपंगत्वामुळे पुढच्या कमाईत पडणाऱ्या खड्ड्याचा. समजा ३४ वर्षांचा कारागीर महिना १५,००० कमावतो. अपघात झाला नसता तर त्याची कमाई पुढे वाढलीच असती. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ठरवून दिलं की चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात त्यासाठी ४० टक्के मिळवायचे. झाले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. आता याला गुणायचं 'गुणका'नं. गुणक म्हणजे वयावरून ठरलेला आकडा. पुढच्या अनेक वर्षांची कमाई आज एकदम द्यायची, तर किती वर्षांची धरायची, हे तो सांगतो. २००९ च्या निकालातल्या तक्त्यात १५ ते २५ वयाला १८ आहे आणि वयाबरोबर तो उतरत जातो. ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, ५६ ते ६० ला ९. आपल्या कारागिराला १६. झाले ४०,३२,०००.

ही झाली पूर्ण कमाई. त्यातला किती भाग अपघातानं गेला? ३० टक्के गेला असं ठरलं तर १२,०९,६००. त्यात उपचार आणि बुडालेले महिने मिळवा. त्यावर व्याज, जे निकालांत बहुधा ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान दिसतं. मृत्यूच्या दाव्यात माणसाच्या स्वतःवरच्या खर्चाचा वाटा वजा करतात. जखमीच्या दाव्यात ती वजावट नाही, कारण तो जिवंत आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे.

डॉक्टरांचा टक्का आणि कोर्टाचा टक्का

वरच्या गणितातला '३० टक्के' हा आकडा येतो कुठून? सगळी लढाई इथेच असते, आणि जखमी माणूस इथेच गाफील राहतो.

डॉक्टरांच्या दाखल्यावर 'उजवा पाय, २२ टक्के' असं काही लिहिलेलं असतं. ते त्या अवयवाचं मोजमाप असतं. न्यायाधिकरणाला पाहायचं असतं की त्या पायामुळे या माणसाची कमाईची ताकद किती गेली. सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या एका निकालात हे फार छान उलगडून सांगितलं आहे. डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी टिकूही शकते. अशा कारकुनाला वेदनेपोटी आणि हिरावलेल्या सुखापोटी मिळेल, कमाईच्या रकान्यात फारसं मिळणार नाही.

म्हणजे दाखल्यापेक्षा मोठा पुरावा असतो तो तुमच्या कामाचा. आणि तो तुम्हालाच सांगावा लागतो.

भावाची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. कंपनीच्या वकिलांनी अगदी सौम्य आवाजात विचारलं, "आज तुम्ही कोर्टात चालत आलात ना?" भाऊ ताठ मानेनं म्हणाला, "हो." "काठीशिवाय?" "हो." माझ्या पोटात गोळा आला. दीड वर्ष खपून तो काठी टाकून चालायला लागला होता, त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान त्याच्याच विरुद्ध नोंदवला जात होता. मग आमच्या वकिलांनी एकच विचारलं: "ग्रिलचं वेल्डिंग कसं बसून करता?" तो म्हणाला, "उकिडवं. आता बसताच येत नाही. टेबलावर मावेल तेवढंच काम घेतो. शिडीवर चढता येत नाही, त्यामुळे शटरची कामं बंदच झाली."

साक्षीच्या आधी असे प्रश्न स्वतःला घरीच विचारून बघा. भाजीवालीला डोक्यावर पाटी घेता येते का? रिक्षावाल्याला क्लच किती वेळ दाबता येतो? शिक्षिकेला सलग तासभर उभं राहता येतं का? उत्तरं खरी द्या, वाढवून सांगू नका. पण "बरा आहे आता" म्हणून गप्पही बसू नका. शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरांना साक्षीला बोलवा. नुसता दाखला जोडला आणि तो देणारे डॉक्टर उलटतपासणीला आलेच नाहीत, तर त्याचं वजन कमी होतं.

"माझ्याकडे पगाराची स्लिप नाही, रिटर्नही भरत नाही"

बहुतेकांकडे नसते. न्यायालयांना हे ठाऊक आहे. कागदच नसेल तर त्या कामाचं किमान वेतन आधाराला घेतात, पण ती काही वरची मर्यादा नाही. भावानं दुकानांची जुनी कोटेशनं, लोखंडाची खरेदी बिलं आणि यूपीआयवर आलेले पैसे दाखवले. एका जुन्या गिऱ्हाइकानं येऊन साक्ष दिली. गृहिणींच्या कामाचंही मोल धरलं जातं. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की घरकामाला मानीव उत्पन्न धरणं हा त्या श्रमाचा आदर आहे. "बाई घरीच असते, तिची काय कमाई बुडाली" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

"थोडी चूक माझीही होती"

तुमची चूक जितकी, तितकी रक्कम कमी होते. २० टक्के चूक ठरली तर २० टक्के कापले जातात, बाकीचे मिळतात. मात्र वाहतुकीचा नियम मोडला म्हणजे अपघातात वाटा होताच, असं नाही. मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून भरपाई कापण्याचा प्रश्न २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयानं विचारलं की तिघे बसल्यामुळे अपघात झाला का, किंवा इजा वाढली का? तसं दाखवता आलं नाही तर कपात नाही. हेल्मेटचा विचारही असाच करावा लागतो. मागून धडक बसून पाय मोडला, तर डोक्यावर हेल्मेट नव्हतं याचा पायाशी संबंध काय? डोक्याला मार असेल तर मात्र तो प्रश्न रास्त ठरतो.

"खर्च तर मेडिक्लेममधून मिळाला"

तरीही मागा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं निकाल दिला की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. मेडिक्लेमचा हप्ता तुम्ही पदरमोड करून भरलात. त्या सावधपणाचा फायदा धडक देणाऱ्याला किंवा त्याच्या विमा कंपनीला का मिळावा? फक्त मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात, म्हणून देण्याआधी साक्षांकित प्रती काढा.

"ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं", "गाडी पळून गेली"

लायसन्स नसलं तरी अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. विमाच नसेल तर मात्र मालकाकडून वसुली करावी लागते आणि ती वाट खडतर आहे.

गाडी पळून गेली आणि शेवटपर्यंत सापडली नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. १ एप्रिल २०२२ आधी हे आकडे १२,५०० आणि २५,००० होते. यासाठी कोर्टात जावं लागत नाही, अर्ज तालुक्याच्या ठिकाणी महसूल अधिकाऱ्याकडे होतो. रक्कम तुटपुंजी आहे यात वादच नाही, पण अनेक घरांना ती आहे हेच माहीत नसतं.

कंपनीनं आधीच रक्कम देऊ केली तर?

कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख अशी ठरलेली रक्कम मिळू शकते. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापतच आहे. घरात चूल पेटत नसताना अडीच लाख फार मोठे वाटतात. पण ती तडजोड स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. वरचं गणित वहीवर मांडा, आणि मगच सही करा. लोकअदालतीतल्या तडजोडीलाही हेच लागू. पैसे लवकर मिळतात हा तिचा खरा फायदा आहे, पण आपला आकडा माहीत नसताना तिथे जाऊन बसणं धोक्याचं.

वकील, टक्केवारी आणि तारखा

"आत्ता काही देऊ नका, मिळेल त्यातले इतके टक्के" असं सांगणारे दवाखान्याच्या दारातच भेटतात. वकिलानं निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी आधी ठरवा, पावती घ्या. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका आणि पासबुक कुणाच्या हवाली करू नका. रक्कम थेट तुमच्याच खात्यात यायला हवी. बऱ्याचदा तिचा काही भाग मुदतठेवीत ठेवायला सांगतात.

वेळ लागतो, हे खरं आहे. निकालानंतरही ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होऊ शकतं. ते तुम्हीही करू शकता, रक्कम कमी वाटली तर. पण त्या वर्षांमध्ये व्याज चालू असतं, आणि तारखेला प्रत्येक वेळी जखमी माणसानं हजर राहायची गरज नसते.

भावाच्या प्रवासखर्चाच्या पावत्या नव्हत्या. रिक्षावाला पावती देत नाही. पण वहिनींनी दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानांपासून उलटं, रोज लिहून ठेवलं होतं: तारीख, कुठे गेलो, किती दिले. 'ड्रेसिंग, १४०.' 'एक्स-रे, पाऊस, २००.' आमच्या वकिलांनी ती वही तशीच पुराव्यात दाखल केली, दुधाच्या हिशोबासकट. निकालात प्रवासखर्चापोटी जी रक्कम आली, ती त्या वहीतल्या बेरजेइतकी होती.